पहिल्या गटात जागा

७ जानेवारी

ही डायरी एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं दिलेली. दर महिन्याला एका अवयवाचं रंगीत चित्र आहे. जानेवारीच्या वाट्याला हृदय आलंय. अशा डायऱ्या कपाटात पडून आहेत, पण एकीतही मी कधी ओळ लिहिली नाही. जे लिहायचं ते पेपरात, आणि तिथंही 'मी' हा शब्द चालत नाही. आज लिहायला बसले, कारण ज्याची भीती वाटतेय ते कुणाशी बोलायची सोय नाही.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. मास्तरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दिलेलं तिसरं औषधही निकामी ठरलं. आतड्यातला कॅन्सर आता यकृतातही पसरलाय. त्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. "आता तुझंच औषध," धाकटी म्हणाली. जणू ते मी घरी करून बरणीत भरून ठेवलंय.

तिनं संस्थेच्या वेबसाइटवरून माझ्या पेपरांची यादी छापून घेतली आहे. शेजारणीलाही वाचून दाखवली म्हणे. सगळ्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या, आणि एकाही चाचणीत औषधामुळं माणूस दगावला नाही. हे खरं आहे. माझ्या धंद्यात मला याच एका गोष्टीसाठी ओळखतात. नवीन औषध पहिल्यांदा माणसाच्या शरीरात घालायचं असलं की कंपन्या माझं दार ठोठावतात, कारण मी ताकही फुंकून पिणाऱ्यांतली. आताची चाचणीही मला त्या यादीच्या जोरावरच मिळाली.

पण पहिल्या टप्प्यात आम्ही कुणाला बरं करायला बसलेलो नसतो, हे तिला कसं सांगायचं? आमचा प्रश्न एवढाच असतो की हे औषध माणूस किती सोसू शकतो. तिघांना थोडंसं द्यायचं, थांबायचं, बघायचं. काही बिघडलं नाही तर पुढच्या तिघांना जास्त. जिथं सोसवेनासं होतं तिथं थांबायचं आणि पेपर लिहायचा. तो पेपर यशस्वी समजला जातो.

यातलं काहीही मी बोलले नाही. "बघते," म्हणाले. फोन ठेवला आणि कपाटातून ही डायरी काढली.

१२ जानेवारी

बहिणीकडं जाऊन आले. ती तरणतलावावर पोहायला शिकवते. दिवसभर लोकांना खोल पाण्यात ढकलत असते आणि ते तिला वर धन्यवाद देतात. आई म्हणायची, हिच्या वाटणीची भीतीसुद्धा थोरलीनंच उचलली. चेष्टा होती, पण खोटी नव्हती.

मास्तर गणित शिकवतात. अजून शाळेत जातात, रिक्षानं, दोनच तास घेऊन परत येतात. पट्टा पार आतल्या भोकावर आलाय. गेल्या महिन्यात त्यांनी माझे पेपर मागितले होते, ते सगळे टेबलावर होते, समासात पेन्सिलीच्या खुणा.

"कादंबरी म्हणून वाचतोय," ते म्हणाले. "पात्रं पुष्कळ आहेत, पण एकालाही नाव नाही आणि शेवट कुणाचाच सांगितलेला नाही."

धाकटी हसली. मीही हसले. मग ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तो थट्टा करतो, पण त्याला तुझ्यावर भरवसा आहे. माझ्याइतकाच." मी नळ उघडून उगाच पेला विसळत बसले.

२० जानेवारी

नातं लपवून ठेवणं मला जमलं नसतं. चोराच्या मनात चांदणं. आज चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीच्या अध्यक्षांना भेटून सगळं सांगितलं. ते निवृत्त न्यायाधीश आहेत, आम्ही सगळे त्यांना न्यायमूर्तीच म्हणतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, चाचणी दोन इस्पितळांत चालणार आहे, तर तुमच्या मेहुण्यांना दुसऱ्या इस्पितळात घ्यावं. त्यांच्या बाबतीतला कुठलाही निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. वॉर्डातही जायचं नाही, जोवर तुम्ही चाचणीच्या प्रमुख आहात.

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. दुसऱ्या इस्पितळाचं काम माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडं आहे. कॉलेजात तिला सगळे 'सुसाट' म्हणायचे, अजूनही म्हणतात. कामाला चोख, आणि माझा शब्द खाली पडू देत नाही.

२१ जानेवारी

सुसाटला फोन केला. कामाचंच बोलणं होतं. बोलता बोलता विचारलं, पहिल्या गटात तुझ्याकडं एक जागा आहे ना?

"आहे," ती म्हणाली. "पण मॅडम, पहिल्या गटात..." आणि एकदम थांबली. मग म्हणाली, "लक्षात आलं."

पहिल्या गटाचा डोस मीच ठरवलाय. प्राण्यांना ज्या डोसानं काहीच झालं नव्हतं, त्याच्याही एका लहानशा हिश्शाइतका. पाण्याच्या टाकीत चिमूटभर मीठ टाकावं तेवढा. त्यानं कुणाचं वाईट होऊच शकत नाही.

निर्णय मी घेतलेला नाही. मी फक्त विचारलं.

२५ जानेवारी

धाकटीचा आवाज आनंदानं फुटत होता. "ताई, पहिल्याच गटात नंबर लागला त्याचा. पहिल्याच!" शाळेत प्रवेश मिळाल्यासारखं सगळ्यांना कळवलंय तिनं. आज दुपारभर मला भीती वाटली नाही. किती दिवसांनी नीट जेवले.

२ फेब्रुवारी

हे सविस्तर लिहायला हवं.

मास्तरांनी स्वतः फोन करून बोलावलं आणि धाकटी तलावावर असेल अशी वेळ सांगितली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गेले तर टेबलावर माझे पेपर, एकाखाली एक, सगळे एकाच जागी उघडलेले.

"ताई, एक शंका आहे," ते म्हणाले. विद्यार्थ्यानं बोट वर करावं तशा सुरात. "पहिल्या गटातल्या माणसांबद्दल तुम्ही प्रत्येक पेपरात एकच वाक्य लिहिता."

मी विचारलं, कोणतं?

त्यांनी ते मराठीत करून म्हणून दाखवलं. "'पहिल्या गटात दुष्परिणाम आढळला नाही, परिणामही आढळला नाही.' शब्द इकडचे तिकडे होतात, पण वाक्य तेच. गाठ कमी झालेले सगळे पुढच्या गटांतले. पहिल्यातला एकही नाही. कुठल्याच पेपरात." मग पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "मला त्या वाक्यात कुणी बसवलं?"

खोटं बोलता आलं असतं. क्रमानं नंबर लागला म्हटलं असतं तर त्यांना पडताळायला मार्ग नव्हता. पण ते माझ्याकडं बघत होते, आणि गणिताच्या मास्तरांसमोर मला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही.

"मी," म्हणाले. "तिथं तुम्हाला काही होणार नाही म्हणून."

"काही म्हणजे काहीच ना?"

मी होकाराची मान हलवली. ते खिडकीबाहेर बघू लागले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकली होती आणि काठीनं झोडपत होतं. रागावतील म्हणून मी अंग चोरून बसले होते, पण त्यांचा आवाज चढला नाही.

"मला भीती वाटते, ताई. हिला सांगत नाही. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा असतो तेव्हा वाटते, कारण तेव्हा मुलांना चेहरा दिसत नाही. पण घाबरायचंच आहे तर जिथं काही हाती लागायची शक्यता आहे, तिथं घाबरतो. फुकट कशाला घाबरू?"

त्यांना तिसऱ्या गटात जायचंय. मी सगळं स्पष्ट सांगितलं, पहिल्यांदाच: की त्यासाठी पुढचा महिनाभर तरी थांबावं लागेल, तोवर यकृत साथ देईलच असं नाही, रक्ताच्या तपासण्या बिघडल्या तर चाचणीत घेताच येणार नाही, आणि तिसऱ्या गटात हे औषध काय करील हे देवालाही माहीत नाही. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली, जणू हे सगळं त्यांनी आधीच सोडवून ठेवलं होतं आणि मी फक्त उत्तर पडताळून देत होते.

निघताना म्हणाले, "जागा मीच सोडली असं हिला सांगतो. तुमचं नाव येणार नाही." मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी जीव भांड्यात पडला. लाज जिना उतरताना वाटली.

४ फेब्रुवारी

धाकटी माझ्याकडं येऊन रडली. लग्नात रडली नव्हती, आई गेली तेव्हाही दाराआड जाऊन डोळे पुसून आली होती. आयती मिळालेली जागा त्यानं का सोडली, जगायचं नाही का त्याला, असं विचारत राहिली. "तू तरी समजाव त्याला. तुझं ऐकतो."

मी समजावते म्हणाले. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. वर तिला चहाही करून दिला.

१६ फेब्रुवारी

मास्तरांनी सोडलेली जागा आमच्या इस्पितळातल्या एका बसड्रायव्हरला मिळाली. आज त्याला बघायला गेले. धिप्पाड माणूस, आता कातडी सैल झालेली. आपली बस कोण चालवतं, नवा माणूस गिअर कसा खडखडवत असेल, यावर भरभरून बोलला. औषधाचा काही त्रास? काही नाही म्हणाला. उलट अंगात ताकद आल्यासारखी वाटते. बायकोनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पहिल्याच गटात घेतल्याबद्दल आभार मानले.

तपासणीत काहीच फरक नाही. तसा तो असणारही नव्हता.

त्याच्या घरात माझे पेपर कुणी वाचलेले नसणार. आधीच्या चाचण्यांतल्या पहिल्या गटांची माणसं आठवायचा प्रयत्न केला, पण चेहरे आले नाहीत. सगळ्यांनी सह्या समजून-उमजून केल्या होत्या. कागदोपत्री सगळं बिनचूक आहे.  

३ मार्च

दुसऱ्या गटाचा डोस आधी ठरल्याप्रमाणे पहिल्याच्या कितीतरी पट होता, तरी त्यालाही काही झालं नाही. मास्तरांच्या रक्ताचे आकडे मला कळवत नाहीत, कळवायचेही नाहीत. पण डोळे पिवळसर दिसायला लागलेत, आणि ते बघायला नियमाची आडकाठी नाही. त्यांचं शाळेत जाणं सुटलं. पोरांनी 'लवकर बरे व्हा'चं समीकरण मांडून मोठा कागद रंगवून पाठवलाय, त्यात कंसाच्या चुका होत्या, त्या त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केल्या.

फोन वाजला की माझी पाचावर धारण बसते. काल वाण्याचा फोन होता, तो शेवटच्या रिंगला उचलला.

९ मार्च

सांगून टाकलं.

ठरवून गेले नव्हते. धाकटीला घरी सोडायला तलावावर गेले होते. ती बाकावर केस पुसत बसली होती, सगळीकडं क्लोरीनचा वास. म्हणाली, "त्यानं जागा सोडली नसती तर आत्तापर्यंत फरक पडला असता, नाही का ग?" आणि मला ते सहन झालं नाही. पहिल्या गटात मीच घातलं, ते औषध नावापुरतंच होतं, त्यानं काहीही फरक पडला नसता, हे मास्तरांनी ओळखलं आणि माझं नाव झाकलं. सगळं एका दमात सांगितलं, मध्ये ती काही विचारील या भीतीनं.

तिनं टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "म्हणजे मी एक महिना त्याच्याशी नीट बोलले नाही," ती म्हणाली, "ते तुझ्यापायी."

मी म्हणाले, त्यांना जपायलाच केलं.

"त्याला नाही जपलंस. त्याच्या मरणाला आपला हात लागायला नको, एवढंच पाहिलंस तू."

हे तितकंसं बरोबर नाही असं मला वाटतं, पण काय बरोबर नाही ते शोधूनही सापडलं नाही. पलीकडं लहान मुलं उथळ पाण्यात पाय आपटत होती.

मग तिनं विचारलं, "तुझ्या सगळ्या पेपरांत मिळून किती माणसं वाचली? बरी झाली अशी. खरं सांग."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. परीक्षकांनी नाही, कंपन्यांनी नाही, मी स्वतःही नाही. पण उत्तर मला माहीत होतं. अशी माणसं विसरायची म्हटली तरी विसरत नाहीत.

"दोन."

 मला वाटलं आता उठून जाईल. ती म्हणाली, "आहेत ना दोन." आणि रिक्षानं एकटीच घरी गेली.

२० मार्च

तिसऱ्या गटाला किती डोस द्यायचा, याची बैठक. न्यायमूर्ती, सुसाट, कंपनीचे अधिकारी, आणखी दोन डॉक्टर. आकडे मांडून झाल्यावर मला बाहेर जायचं होतं, कारण मास्तर त्याच गटात आहेत. पण कंपनीचे अधिकारी म्हणाले, जाण्याआधी मॅडमचा सल्ला घेऊ, त्यांचा अनुभव दांडगा आहे.

सल्ला तयार होता. प्रत्येक चाचणीत मी तोच देते: दुप्पट नको, दीडपटच करा. माझा शब्द कुणी मोडत नाही. दीडपट झाला असता तर मास्तर पुन्हा आणखी एका पहिल्या गटातच गेले असते, फक्त नाव तिसरा. दुप्पट झाला तर कुत्र्यांमध्ये ज्या डोसाला गाठ आकसली आणि यकृतही सुजलं, त्याच्या जवळ. मी तोंड उघडलं तेव्हा 'दीडपट' हा शब्द अगदी जिभेवर होता.

"माझा सल्ला घेऊ नका," म्हणाले. "तिसऱ्या गटात माझ्या घरचं माणूस आहे आणि मला भीती वाटते."

 न्यायमूर्तींनी विचारलं, "आधीच्या चाचण्यांच्या वेळी कधी वाटली नव्हती?"

"दर वेळी वाटली," मी म्हणाले.

खरं तेच सांगितलं, पण त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं असं बघितलं की त्यात काय वावगं होतं ते मला कळेना. बाहेर येऊन पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहिले. दार उघडलं तेव्हा सुसाट पहिली बाहेर आली. दुप्पट.

२३ मार्च

आज मास्तरांना औषध दिलं. मला आत जाता येत नाही म्हणून समोरच्या रसवंतीत बसले. जागा अडवली म्हणून मालकानं तीनदा विचारलं, आणखी काही? धाकटीनं फक्त दोन शब्द लिहून पाठवले. "सुरू झालं." अजून ती माझ्याशी बोलत नाही, पण कळवते.

२६ मार्च

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आला.

गंभीर दुष्परिणाम झाला की प्रमुखाला कळवावंच लागतं, माणसाचं नाव न घेता, क्रमांकानं. सुसाटनं फोन करून क्रमांक सांगितला, ताप सांगितला, यकृताचे आकडे सांगितले. एरवी घोड्यावर बसल्यासारखी बोलणारी मुलगी, आज एकेक शब्द सुटा होता. मी एरवी विचारते ते सगळे प्रश्न विचारले. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, शुद्धीवर आहेत." नियमात हे सांगायची सोय नाही. तरी तिनं सांगितलं.

 मी 'दीडपट' म्हणाले असते तर हे झालं नसतं. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

२ एप्रिल

ताप उतरला. आकडे हळूहळू खाली येताहेत. औषध थांबवलंय. धाकटी इस्पितळातच राहते. तिचे कपडे मी दारापर्यंत नेऊन देते. पिशवी घेते, मान हलवते, आत जाते. आज मात्र वळून विचारलं, "जेवतेस का नीट?"

२० एप्रिल

स्कॅन झाला. यकृतातल्या दोन गाठी आकसल्या आहेत. थोड्याच, पण डोळ्यांना दिसतील इतक्या.

म्हणजे औषधानं काम केलं. ज्या डोसानं त्यांना मारायला घेतलं होतं, त्याच डोसानं. आता तो पुन्हा देता येणार नाही, पण यकृत ताळ्यावर आलंय, तेव्हा नियमाप्रमाणे कमी डोसावर पुन्हा सुरू करता येईल. करायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. कमी डोस गाठीला पुरेल की नाही आणि यकृताला झेपेल की नाही, हे कुणालाच माहीत नाही.

कंपनीचे अधिकारी भलतेच खुश आहेत. तिसऱ्याच गटात परिणाम, असं क्वचित होतं. हा तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेपर होणार, म्हणाले. मी हो म्हणाले आणि उठून बाहेर आले.

२२ एप्रिल

मास्तर घरी आलेत. उशांना टेकून बसले होते, मनगटं काडीसारखी. पुन्हा सुरू करायचं म्हणतात. मी विचारलं, भीती गेली का?

"वाढली," ते म्हणाले. "पहिल्यांदा नुसती ऐकीव होती. आता ओळखीची झाली."

मी निघाले तशी धाकटी जिन्यापर्यंत आली. कठडा घट्ट धरला होता. म्हणाली, "ताई, मागच्या वेळी तो थरथरायला लागला तेव्हा मी खोलीतून बाहेर पळाले. त्याला एकटं टाकून. हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता तुला." मला वाटलं ती रडेल, पण ती नुसती कठड्याकडं बघत होती. "सोमवारी औषध देतील तेव्हा मी आत जाऊ शकणार नाही. माझे पायच उचलत नाहीत. तू बसशील त्याच्याजवळ?"

मी म्हणाले, मला परवानगी नाही, तुला माहीत आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी विचारलं."

२४ एप्रिल

न्यायमूर्तींना भेटून चाचणीचं प्रमुखपद सोडलं. आता सुसाट प्रमुख. ती रडली, मला अवघडल्यासारखं झालं. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आधी समजूत घातली, मग आवाज चढवला. इतकी वर्षं ज्यासाठी घासलीत ते असं हातचं घालवताय, एका माणसाशेजारी खुर्चीवर बसायला? पेपरावर तुमचं नाव येणार नाही, समजतंय का?

समजत होतं. मोठेपणा वगैरे काही नाही यात. प्रमुख राहिले असते तर सोमवारी पुन्हा रसवंतीत बसून फोनची वाट बघावी लागली असती. तिथं बसण्यापेक्षा आत बसलेलं बरं, इतका साधा हिशोब. न्यायमूर्तींनी मात्र दारापर्यंत सोडायला येण्याचं काय कारण होतं, कळलं नाही.

२७ एप्रिल

वॉर्डात बसून लिहितेय. मास्तरांचा डोळा लागलाय.

सकाळी दारात नवीन नर्स होती, मला न ओळखणारी. "तुम्ही कोण?" तिनं विचारलं. मी 'डॉक्टर' म्हणायला तोंड उघडलं होतं. तिनं प्रश्न बदलला, "पेशंटच्या कोण लागता?"

"मेहुणी," म्हणाले. "बायकोची थोरली बहीण."

"मग बसा. पण नळीला हात लावू नका."

आयुष्यभर अशा नळ्या मी दुसऱ्यांकरवी पेशंटांना लावल्या. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून ती कशी दिसते हे मला आजवर माहीत नव्हतं. फार जवळ दिसते. धाकटी खाली फाटकाशी उभी आहे. वर येत नाही, पण तिथून हलतही नाही.

सुसाट आली, माझ्याकडं न बघता तिनं सगळं नीट तपासलं आणि औषध सुरू केलं. थेंब पडायला लागले तशी मास्तरांनी चादरीतून हात बाहेर काढला. मी तो धरला. गार होता, आणि माझाही गारच होता, त्यामुळं कुणाचा कुणाला उबारा नव्हता.

"ताई," त्यांनी विचारलं, "आता काय होईल?"

या प्रश्नाला माझ्याकडं एरवी दोन पानी उत्तर असतं, खाली सहीला जागा ठेवलेली.

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि हात सोडला नाही.